पवनचक्कीच्या पात्यात दडलेला ताण

ईट (जि. धाराशिव) : बालाघाटच्या डोंगररांगांतील भूम तालुका एरवी ओळखला जातो तो कोरडवाहू शेती, खवा आणि कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी. ईट हे याच तालुक्यातील गाव. भूम आणि शेजारच्या वाशी तालुक्यातील माळरानांवर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि वृत्तपत्रांत त्यांचे नाव वारंवार येऊ लागले. मात्र या बातम्या बहुधा जमिनीच्या, मोबदल्याच्या, उखडलेल्या रस्त्यांच्या आणि दमदाटीच्या असतात. लांबलचक ट्रेलरवरून गावाच्या वळणावर अडकलेले पाते हजारो लोकांनी पाहिले आहे. पण ते कशाचे बनते आणि कारखान्यातून निघतानाच त्याच्या अंगात काय साठलेले असते, याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. त्या साठलेल्या गोष्टीचे शास्त्रीय नाव 'अवशिष्ट ताण'. वारा सुटण्यापूर्वी, पाते मनोऱ्यावर चढण्यापूर्वी, किंबहुना ते साच्यातून बाहेर पडण्यापूर्वीच हा ताण त्यात निर्माण झालेला असतो. तो किती असेल, हे आधीच गणिताने सांगण्याचा प्रयत्न अभियंते गेली पन्नास वर्षे करीत आहेत.

पाते लोखंडाचे नसते. पोलादाचे एवढे लांब पाते स्वतःच्याच भाराने वाकेल. ते बनते काचेच्या बारीक तंतूंच्या कापडापासून आणि त्यात मुरवलेल्या राळेपासून. बोलीभाषेत आपण ज्याला सरसकट 'फायबर' म्हणतो, मग ती पाण्याची टाकी असो की गणेशोत्सवातील मूर्ती, तोच हा पदार्थ. शास्त्रीय भाषेत 'तंतुप्रबलित संमिश्र'. विमानांसाठी काचेऐवजी कार्बनचे तंतू वापरतात. ते अधिक ताठ, हलके आणि अर्थातच महाग असतात. काम विभागलेले असते. भार पेलतात ते तंतू; तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते ती राळ. या दोघांचे स्वभाव मात्र अगदी भिन्न आहेत आणि सगळ्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

धाव आणि चाक

अवशिष्ट ताण ही कल्पना आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार धाव चढवीत असे, तेव्हा तो याच ताणाचा उपयोग करीत असे. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित लहान ठेवायचा, ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. थंड होताना धाव आकसू पाहते, चाक तिला आकसू देत नाही. परिणामी धाव कायमची ताणलेली राहते आणि लाकूड कायमचे दाबलेले. त्या चाकावर कोणताही भार नसला तरी त्याच्या आत दोन बलांची झुंज चालूच असते. ही झुंज चाकाच्या हिताची असल्याने लोहाराने ती मुद्दाम लावलेली असते.

संमिश्र पदार्थात अशीच झुंज लागते, पण कोणी न लावता. आणि ती बहुधा हिताची नसते. राळ घट्ट होण्याच्या क्रियेला कारखान्यात 'क्युरिंग' म्हणतात. गवंडी सिमेंटच्या कामावर पाणी मारण्याला जो शब्द वापरतात तोच. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य एकत्र आले, की त्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळे तयार होते. ही क्रिया परत फिरवता येत नाही. ती घडताना दोन गोष्टी होतात. एक म्हणजे राळ आकसते. इपॉक्सी राळेचे आकारमान काही टक्क्यांनी घटते, पॉलिएस्टरचे त्याहून अधिक. तंतू मात्र आकसत नाहीत. दुसरे असे, की क्रिया सहसा भारदस्त तापमानाला होते आणि नंतर वस्तू थंड केली जाते. इपॉक्सी एक अंशाने थंड झाली, की मीटरभर लांबीमागे सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटरने आकसते. काचतंतू आकसतो जेमतेम ५ मायक्रोमीटरने. कार्बनतंतूचे तर वेगळेच. लांबीच्या दिशेने तो थंडीत आकसण्याऐवजी अगदी किंचित लांबतो. राळेला दहापट आकसायचे असते, तंतू तिला अडवून धरतो. धाव आणि चाक.

एकाच दिशेने तंतू मांडलेला थर घेतला तर तंतूच्या दिशेने तो जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने मात्र बराच आकसतो. प्रत्यक्षात कोणीही सगळे तंतू एकाच दिशेने ठेवत नाही, कारण भार सगळीकडून येतात. मग उभ्या तंतूंच्या थरावर आडव्या तंतूंचा थर येतो आणि प्रत्येक थर शेजाऱ्याला त्याच्या आवडत्या दिशेने आकसू देत नाही.

हा ताण किती? एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. विमानात वापरली जाणारी कार्बन-इपॉक्सी सुमारे १८० अंश सेल्सिअसला क्युअर होते. ती खोलीच्या तापमानाला आणली की फरक साधारण १५० अंशांचा. उभ्या आणि आडव्या दिशांच्या आकुंचनातील तफावत प्रत्येक अंशामागे दशलक्ष भागांत सुमारे २८. गुणाकार केला की आडव्या दिशेची अडवलेली विकृती ०.४२ टक्के येते. या दिशेने पदार्थाचा ताठरपणा सुमारे ९ गिगापास्कल धरला तर ताण होतो ३८ मेगापास्कलच्या घरात. आता याच पदार्थाची आडव्या दिशेने फाटण्याची ताकद पाहा : ५० ते ६० मेगापास्कल. म्हणजे विमानाने धावपट्टी सोडण्यापूर्वीच थराच्या या दुबळ्या दिशेतील निम्म्याहून अधिक ताकद खर्ची पडलेली असते. हा आकडा वरच्या मर्यादेचा आहे, कारण काही ताण काळाच्या ओघात सैल पडतो. पण परिस्थितीचे गांभीर्य त्यावरून कळावे.

पापड आणि खोगीर

ताण डोळ्यांनी दिसत नाही, तरी त्याचे परिणाम दिसतात. खालचा थर उभा आणि वरचा थर आडवा, असा दोन थरांचा पातळ पत्रा क्युअर करून साच्यातून काढला तर तो सपाट राहत नाही, तळलेल्या पापडासारखा वळतो. विजेच्या इस्त्रीतील दोन धातूंची पट्टी तापल्यावर वाकते आणि वीज तोडते, त्याच नियमाने. त्या पट्टीचे गणित स्टीफन टिमोशेन्को यांनी १९२५ मध्ये मांडले होते.

संमिश्र पत्र्यात मात्र गंमत अशी, की रूढ रेषीय सिद्धान्ताप्रमाणे त्याचा आकार खोगिरासारखा व्हायला हवा : एका दिशेने वर वळलेला, दुसऱ्या दिशेने खाली. जाड पत्र्याचा तसा होतोही. पातळ पत्रे मात्र खोगीर न होता नळीच्या तुकड्यासारखे, एकाच दिशेने वळलेले निघतात. शिवाय हाताने दाबले की 'टक्' असा आवाज होऊन ते दुसऱ्याच दिशेने वळलेली नळी होतात. अमेरिकेतील मायकेल हायर यांनी १९८१ मध्ये याची नोंद करून कारण दाखवून दिले. पत्रा जेव्हा जाडीच्या कितीतरी पट वाकतो, तेव्हा त्याच्या पृष्ठभागाला ताणल्याशिवाय खोगिराचा आकार घेता येत नाही. नळीचा आकार मात्र घेता येतो. निसर्ग स्वस्त मार्ग निवडतो. जुन्या सूत्रांत ही मोठ्या वाकण्याची शक्यताच धरलेली नव्हती.

कारखान्यात हा पापड टाळण्याचा उपाय जुना आहे. मधल्या पातळीच्या वर आणि खाली थरांची रचना आरशातल्यासारखी ठेवायची. मग दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते आणि पत्रा सपाट निघतो. परंतु सपाट पत्र्यात ताण नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही. तो आतच असतो. फक्त दिसेनासा झालेला असतो. एका अर्थाने वाकडा पत्रा अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.

कोपऱ्यांचे तर कोणत्याही रचनेने भागत नाही. काटकोनात वळवलेला संमिश्र भाग साच्यातून काढला की कोन ९० अंशांपेक्षा कमी होतो. भाग आत मिटतो. जाडीच्या दिशेने तंतू नसल्याने त्या दिशेने राळ मनसोक्त आकसते, पृष्ठभागाच्या दिशेने आकसू शकत नाही, आणि या विषमतेमुळे कोपरा बंद होतो. हा बदल अर्ध्या अंशापासून दीड-दोन अंशांपर्यंत असतो. एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण १०० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या टोकाशी तो पावणेदोन मिलिमीटर होतो. विमानाच्या जोडणीत एवढी फट कोणी खपवून घेत नाही.

याचा थेट संबंध नागपूरशी येतो. टाटा समूहातील 'टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स' या कंपनीने मिहान प्रकल्पात उभारलेल्या कारखान्यातून बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानांच्या जमिनीखालील कार्बन संमिश्राच्या तुळया पुरवल्या गेल्या. तुळई म्हणजे कोपरे आलेच. अशा भागाचा साचा नेमक्या काटकोनात घडवून चालत नाही. भाग नंतर किती मिटेल ते आधी ओळखून साचा तेवढा उघडा ठेवावा लागतो. पूर्वी हे अनुभवाने आणि चुकतमाकत केले जाई. एक साचा बनवायचा, भाग काढून मोजायचा, साचा घासायचा, पुन्हा भाग काढायचा. विमानाच्या भागांचे साचे अतिशय महागडे असतात. पहिलाच साचा बरोबर यावा, ही गणिताकडे वळण्यामागील सर्वांत व्यावहारिक प्रेरणा होती.

फटींचे महत्त्व किती, हे याच ७८७ विमानाने पुढे जगाला दाखवले. सांगाड्याच्या संमिश्र भागांच्या सांध्यांत ०.१२७ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासच्या मर्यादेपेक्षा मोठ्या फटी राहिल्याचे निष्पन्न झाले आणि २०२१-२२ मध्ये वर्षाहून अधिक काळ या विमानांचे वितरण थांबले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्या फटींना केवळ क्युरिंगचा ताण जबाबदार होता, असे नव्हे. भरणीच्या पट्ट्यांचे मापही चुकले होते. परंतु भाग थोडासा वेडावाकडा असेल आणि तो बळाने ओढून जोडला, तर मूळच्या ताणात नव्या ताणाची भर पडते, हे त्यामागचे भय होते.

राळ पिकते तेव्हा

गणित अवघड का, हे समजण्यासाठी घरातील अराल्डाइटच्या दोन नळ्या पुरेत. वाटाण्याएवढे मिश्रण सावकाश घट्ट होते. तेच वाटीभर कालवले तर वाटी हाताला चटका देईल एवढी तापते. रेणूंची जोडणी उष्णता बाहेर टाकते. थोड्या मिश्रणातील उष्णता निघून जाते. मोठ्या गोळ्यातील आत कोंडते, तापमान वाढते, वाढलेल्या तापमानाने क्रिया आणखी जलद होते आणि आणखी उष्णता सुटते. पवनचक्कीच्या पात्याचा बुंधा, जेथे ते मनोऱ्यावरील चक्राला बोल्टांनी जोडले जाते, तो कित्येक सेंटिमीटर जाड असतो. टोकाकडे तेच पाते अगदी पातळ होत जाते. त्यामुळे एकाच साच्यात, एकाच वेळी ओतलेली राळ बुंध्याशी वेगळ्या वेगाने आणि टोकाशी वेगळ्या वेगाने पिकते. जाड भागात तर गाभा आधी पिकतो आणि कातडी नंतर, किंवा उलटही होते. जो भाग आधी घट्ट झाला, तो नंतर आकसणाऱ्या भागाला अडवतो. म्हणजे तंतू आणि राळ या झुंजीखेरीज गाभा आणि कातडी अशी दुसरी झुंज सुरू होते.

यात एक क्षण फार महत्त्वाचा. सुरुवातीला राळ पातळ असते; ती कितीही आकसली तरी वाहून जागा भरून काढते, ताण साठत नाही. रेणूंचे जाळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग झाले, की राळ वाहणे थांबते. याला 'जेल बिंदू' म्हणतात. येथून पुढचे आकुंचन हिशेबात धरावे लागते. आणखी पुढे जाळे इतके दाट होते, की रबरासारखी राळ काचेसारखी कडक बनते. ज्या तापमानाला हा बदल होतो, ते तापमान स्थिर नसते. क्रिया पुढे सरकेल तसे ते वाढत जाते. म्हणजे साच्यातील तापमान वर जात असते आणि त्याच्या मागोमाग राळेचे हे संक्रमण तापमानही चढत असते. दोघांची गाठ केव्हा पडेल, त्यावर किती ताण कायमचा गोठणार हे ठरते. याखेरीज साच्याचाही वाटा असतो. पोलादी साचा १० मीटर लांब असेल आणि १५० अंशांनी तापला, तर तो १८ मिलिमीटरने लांबतो. त्याला चिकटून असलेला कार्बनचा भाग तेवढा लांबत नाही. साचा त्याला ओढतो. म्हणूनच काटेकोर भागांसाठी इन्व्हार या अत्यल्प प्रसरण पावणाऱ्या मिश्रधातूचे साचे वापरतात. ते जड असतात, आणि किमतीविषयी न बोललेले बरे.

संगणकातील साचा

या साऱ्याचे प्रारूप टप्प्याटप्प्याने घडले. सुरुवातीच्या अभ्यासांत राळ पिकतानाचे तपशील बाजूला ठेवले जात. क्युरिंगच्या तापमानाला वस्तू ताणरहित आहे असे मानायचे आणि थंड होतानाचा ताण काढायचा. हान आणि पगानो यांनी १९७५ मध्ये थरांच्या संमिश्रांतील क्युरिंग ताणांवर लिहिलेला लेख या विषयाचा पाया मानला जातो. १९७३ मध्ये कमाल आणि सौरूर यांनी राळेच्या पिकण्याचा वेग सांगणारे समीकरण मांडले होते. 'किती टक्के क्रिया झाली' आणि 'आता ती किती वेगाने होईल' यांचा संबंध त्यात आहे आणि थोड्याफार फेरफाराने ते आजही वापरात आहे. १९८३ मध्ये लूस आणि स्प्रिंगर यांनी उष्णतेचे वहन, राळेचे पिकणे आणि तिचे वाहणे ही तिन्ही एका प्रारूपात गुंफली. आणि १९९२ मध्ये बोगेटी आणि गिलेस्पी यांनी जाड थरांसाठी पुढचे पाऊल टाकले : पिकण्याबरोबर बदलणारा ताठरपणा आणि रासायनिक आकुंचन त्यांनी ताणाच्या हिशेबात आणले. गाभा आणि कातडी यांची झुंज प्रथमच नीट आकड्यांत उतरली.

आजचे संगणकीय प्रारूप साधारण याच क्रमाने चालते. भागाचे हजारो, प्रसंगी लाखो लहान तुकडे कल्पिले जातात. काळाच्या प्रत्येक छोट्या पायरीवर प्रत्येक तुकड्याचे तापमान किती, राळ किती टक्के पिकली, सुटलेली उष्णता शेजारी किती गेली, हे काढले जाते. त्यावरून त्या क्षणीचा ताठरपणा, आकुंचन आणि त्यातून उपजणारा ताण. शेवटी साचा काढून टाकला, असे संगणकाला सांगायचे. मग भाग मोकळा होऊन जो आकार घेतो, तोच आपला वाकडेपणा.

राळेचे वागणे कसे मानायचे, याबाबत मात्र मतभेद आहेत. सर्वांत सोपे म्हणजे तिला लवचीक घन मानणे. हिशेब झटपट होतो, परंतु काळाबरोबर सैल पडणारा ताण त्यात दिसत नाही. दुसरे टोक म्हणजे राळ अंशतः द्रव आणि अंशतः घन असल्यासारखी मानणे. हे सत्याच्या अधिक जवळ आहे. पण त्यासाठी राळेच्या प्रत्येक अवस्थेत, प्रत्येक तापमानाला चाचण्या घ्याव्या लागतात, आणि कारखान्याने राळेचा पुरवठादार बदलला की त्या पुन्हा घ्याव्या लागतात. मधला मार्ग कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात लोकप्रिय केला. प्रत्येक क्षणी राळ लवचीक, पण तिचा ताठरपणा तापमान आणि पक्वतेनुसार बदलत जाणारा. बहुतेक उद्योग आज याच मार्गाने जातो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते यात गैर काही नाही. ज्या पदार्थाची मूळ मापेच पाच-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतात, त्यासाठी चौथ्या दशांश स्थळापर्यंतचे गणित हा निव्वळ देखावा ठरतो. प्रारूपाची चूक बहुधा समीकरणात नसते. ती त्यात भरलेल्या आकड्यांत असते.

भारतात या विद्येची गरज प्रकर्षाने भासली ती तेजस या हलक्या लढाऊ विमानामुळे. ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केलेल्या या विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा संमिश्रांचा आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने त्याचे उभे शेपूट आणि सुकाणू कार्बन संमिश्रात घडवले. अनेक भाग वेगवेगळे बनवून रिव्हेटने जोडण्याऐवजी एकत्रच क्युअर करण्याचे तंत्र तेथे विकसित झाले. यात जोड कमी होतात, वजन वाचते. पण एकत्र पिकणारे भाग एकमेकांना धरून ठेवत असल्याने ताणाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. याच विमानाची मार्क १-ए ही आवृत्ती आता नाशिकजवळ ओझर येथेही जोडली जाते. तेथे तयार झालेले पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाशात झेपावले.

जाड भागाची किंमत

विमानाचे भाग पातळ असतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या प्रचंड प्रेशर कुकरमध्ये शिजतात. पवनचक्कीच्या पात्याला ही चैन परवडत नाही. काचकापडाचे थर साच्यात अंथरून, वर प्लास्टिकचे आवरण घालून, हवा शोषून घेऊन राळ आत ओढली जाते आणि ७० ते ८० अंशांच्या आसपास तापवून घट्ट केली जाते. दोन शिंपले असे तयार करून ते चिकट लगद्याने जोडतात. एक साचा साधारण दिवसभरात मोकळा व्हावा, अशी कारखान्यांची धडपड असते. राळ सावकाश पिकवली तर उष्णता कोंडत नाही, ताण कमी राहतो. पण साचा अडकून पडतो. प्रारूपाचा खरा उपयोग या ओढाताणीत आहे. किती घाई केली तर चालेल, हे ते सांगते.

पात्यांची वाढ पाहिली की प्रश्नाची तीव्रता लक्षात येते. मुख्यालय पुण्यात असलेल्या सुझलॉनच्या सुरुवातीच्या काळातील ३५० किलोवॅटच्या यंत्राच्या चक्राचा व्यास सुमारे ३३ मीटर होता. पुढे एस-८८ आले, नावाप्रमाणे ८८ मीटरचे. सध्याच्या एस-१४४ चा व्यास १४४ मीटर. पाते लांबले की बुंधा जाड होतो, आणि जाडी वाढली की कोंडलेली उष्णता त्याच प्रमाणात न वाढता कितीतरी झपाट्याने वाढते.

पाते तडकण्याचे मोल काय असते, याचा अनुभव या पुणेकर कंपनीने घेतला. अमेरिकेत बसवलेल्या एस-८८ यंत्रांच्या काही पात्यांना तडे गेले आणि मार्च २००८ मध्ये कंपनीने १,२५१ पाती, म्हणजे ४१७ संच, बळकट करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. प्रारंभीचा अंदाजच शंभर कोटी रुपयांच्या आसपास होता. ते तडे क्युरिंगच्या ताणामुळे गेले, असे येथे सुचवायचे नाही. वाऱ्याचा भार, रचना, कारागिरी अशा अनेक गोष्टी एकत्र येतात तेव्हा तडा जातो. मुद्दा एवढाच, की पात्याच्या ताकदीचा हिशेब करताना आधीच खर्ची पडलेला भाग वजा केला नाही, तर शिल्लक फुगवून दाखवली जाते.

क्युरिंगच्या ताणाशी थेट नाते सांगितले जाते ते दोन शिंपले जोडणाऱ्या लगद्यातील तड्यांचे. हा लगदा जाड, त्यात लांब तंतू नाहीत, आणि दोन्ही बाजूंच्या ताठ संमिश्राने जखडलेला. आकसायला जागाच नाही. पात्याच्या लांबीला काटकोनात जाणारे बारीक तडे त्यात एकामागून एक पडत जातात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात यावर सविस्तर अभ्यास झाला असून, लगदा कोणत्या तापमानाला घट्ट केला यावर तड्यांचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते, असे त्यातून दिसते.

जाड संमिश्राची सर्वांत दुर्दैवी कहाणी मात्र समुद्रतळाची आहे. टायटॅनिकचे अवशेष पाहण्यासाठी गेलेली 'टायटन' ही पाणबुडी १८ जून २०२३ रोजी चिरडली गेली आणि आतील पाचही जणांचा मृत्यू झाला. तिच्या नळकांड्याची कार्बन संमिश्राची भिंत सुमारे १२ सेंटिमीटर जाड होती. एवढी जाडी एका दमात पिकवणे धोक्याचे, म्हणून ती पाच थरांत बनवली गेली. प्रत्येक थर वेगळा क्युअर करून, वरच्या सुरकुत्या घासून, मग पुढचा. अमेरिकी चौकशीत या भिंतीच्या नमुन्यांत सुरकुत्या, पोकळ्या आणि सुटलेले थर आढळले. टप्प्याटप्प्याने पिकवण्यात तत्त्वतः चूक नाही. मात्र आधी पिकलेल्या नळीवर नंतरचा थर आकसतो तेव्हा काय होते, घासलेल्या जागी तंतू तुटून काय होते, याची पुरेशी पडताळणी चाचण्यांनी झाली नव्हती.

मोजायचे कसे

प्रारूप बरोबर आहे हे ठरवायला ताण मोजावा लागतो आणि ते सोपे नाही, कारण ताण मोजणारे उपकरणच अस्तित्वात नाही. मोजता येते ती हालचाल. प्रचलित पद्धतीत पृष्ठभागावर विकृतीमापक पट्ट्या चिकटवून मधोमध दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडतात. भोकाभोवतीचा पदार्थ मोकळा होऊन किंचित सरकतो. त्या सरकण्यावरून आत किती ताण होता ते मागे जाऊन काढायचे. दुसरी पद्धत अधिक देखणी. केसाएवढा प्रकाशतंतू थरांमध्ये आधीच पेरून ठेवायचा. त्यावर कोरलेली सूक्ष्म जाळी ठरावीक रंगाचाच प्रकाश परत पाठवते. तंतू दाबला वा ताणला गेला की तो रंग किंचित बदलतो. राळ पिकत असताना क्षणाक्षणाचा वृत्तान्त यातून मिळतो. तापमानाचा आणि ताणाचा परिणाम वेगळा काढणे, ही यातील डोकेदुखी.

प्रयोगशाळेबाहेर, माळावर उभ्या असलेल्या पात्यातील ताण कायम एकसारखा राहत नाही. त्याचा स्वभाव आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. मराठवाड्यातील उन्हाळा म्हणजे ४० अंशांच्या वरची दुपार. वाटते, त्या उन्हात पाते अधिक ताणले जात असेल. होते उलटेच. पाते ७०-७५ अंशांना पिकले असेल, तर दुपारच्या उन्हात ते आपल्या ताणरहित अवस्थेच्या जवळ जाते आणि हा अंतर्गत ताण ओसरतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हे अंतर जवळजवळ दुप्पट झालेले असते. काचतंतूंच्या उभ्या-आडव्या थरांत त्या वेळी सुमारे १० मेगापास्कलचा ताण केवळ तापमानामुळे असू शकतो. पावसाळ्यात राळ थोडी ओल शोषून फुगते आणि ताण पुन्हा थोडा उतरतो. मात्र त्याच ओलीने राळ आणि तंतू यांची पकड कालांतराने ढिली होते. ही चढउतार पात्याच्या वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात हजारो वेळा घडते.

पात्यांचे आयुष्य संपल्यावर काय, हा प्रश्न आता पुढे येत असून त्यातून ताणाच्या प्रारूपांपुढे नवे काम उभे राहिले आहे. इपॉक्सीचे जाळे वितळत नाही, म्हणून जुनी पाती पुन्हा वापरता येत नाहीत आणि अनेक देशांत ती जमिनीत पुरली गेली. तापवल्यावर वितळू शकणाऱ्या राळेचे ६२ मीटर लांब पाते २०२२ मध्ये स्पेनमधील पॉनफेराडा येथील कारखान्यात तयार करण्यात आले. ही राळही साच्यात पातळ ओतून तेथेच घट्ट केली जाते. पण तिचे आकुंचन इपॉक्सीहून अधिक, आणि जाड बुंध्यात सुटणारी उष्णता सांभाळणे अधिक नाजूक. इपॉक्सीसाठी चाळीस वर्षांत जमवलेले आकडे तिच्या कामाचे नाहीत. पिकण्याचा वेग, जेल बिंदू, आकुंचन, सारे पुन्हा प्रयोगशाळेत मोजावे लागत आहे.